विजेचा शेक

आश्विन सरता सरता पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटू लागते. थंडी आल्याची वर्दी घरातल्या मुलांना फटाक्यांच्या दुकानातून मिळते, आणि वडीलधाऱ्यांना ती गुडघ्यांतून मिळते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी पाट मांडला, की आजी आधी पाटाकडे पाहते, मग आधाराला भिंत किती लांब आहे ते पाहते, आणि शेवटी म्हणते, "मला आपलं स्टूलच द्या." सुगंधी तेल, उटणे, कढत पाणी हा थाट इतरांसाठी सणापुरता असतो, सांधे धरलेल्या माणसाला तेल चोळणे आणि ऊन पाण्याने शेकणे हा बाराही महिन्यांचा कुळाचार होऊन बसतो.

या दुखण्यावर आपल्याकडे उपायांची वाण कधीच नव्हती. निरगुडीचा पाला उकळून त्याची वाफ घ्यावी, रुईचे किंवा एरंडाचे पान तेल लावून तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधावे, खडेमिठाची पुरचुंडी तापवून शेकावे, वीट तापवून फडक्यात गुंडाळून टेकवावी. आमच्या पालमच्या बाजूला कापसाची वेचणी आणि खुरपणी ही दोन्ही कामे बायकांच्या कमरेवर आणि गुडघ्यांवर चालतात; तेव्हा असले उपाय ठाऊक नाहीत असे घर सापडायचे नाही. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. एक मात्र भयंकर, तो म्हणजे दुखऱ्या सांध्यावर तापल्या लोखंडाचा डाग देणे. चटक्याची आग एवढी होते की आतले दुखणे काही दिवस आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणजे ते गेले, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

या सगळ्या शेकांच्या पंगतीला आता आणखी एक शेक येऊन बसला आहे. "आईला लाइटचा शेक चालू आहे," "गुडघ्याला दहा दिवस करंट द्यायला सांगितलाय," अशी वाक्ये आता तालुक्याच्या गावीही ऐकू येतात. 'शेक' हा शब्द मोठा टिकाऊ आहे. चुलीपुढची वीट गेली, रबरी पिशवी आली, पिशवी गेली आणि तारांचे यंत्र आले, तरी शब्द जागचा हलला नाही. मात्र विजेने सांधे बरे करण्याची कल्पना काल-परवाची आहे असे कोणी समजू नये. घरात विजेचा दिवा येण्याच्या कितीतरी आधी, किंबहुना वीज म्हणजे काय हे माणसाला कळण्याच्याही आधी, तिचा उपयोग सांधेदुखीवर झाला होता. ती हकीकत गमतीची आहे, आणि घरात दुखरे गुडघे असलेल्यांच्या उपयोगाचीही आहे.

तिचा आरंभ एका माशापासून होतो. टॉर्पेडो नावाचा हा मासा दिसायला आपल्या पाकटासारखा चपटा असतो, आणि भक्ष्याला गारद करण्यासाठी तो अंगातून विजेचा झटका सोडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ४७ च्या सुमारास, स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने औषधांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात पायाच्या गाउटवर, म्हणजे आपले वैद्य ज्याला 'वातरक्त' म्हणतात त्या दुखण्यावर, त्याने हा उपाय दिला आहे : कळ सुरू झाली की रोग्याने ओल्या किनाऱ्यावर उभे राहावे, जिवंत टॉर्पेडो पायाखाली घ्यावा, आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो तसेच उभे राहावे. तिबेरियस बादशहाच्या पदरी असलेल्या अँटेरोस नावाच्या माणसाला या उपायाने गुण आला, असेही त्याने नोंदवले आहे.

पाय बधिर झाला म्हणजे दुखायचे थांबले, यात नवल काहीच नाही. नवल याचे, की ढगातली वीज आणि माशाच्या अंगातली वीज एकच, हे ठाऊक नसताना केवळ अनुभवाने हा उपाय कोणाच्या तरी हाती लागला. ते कळायला पुढे सतराशे वर्षे जावी लागली.

अठराव्या शतकात माणसाला स्वतःच्या हाताने वीज तयार करता येऊ लागली. यंत्र अगदी साधे. काचेचा गोळा किंवा नळकांडे दांड्याने गरगर फिरवायचे, त्यावर चामड्याची गादी घासू द्यायची, आणि घर्षणाने उत्पन्न झालेली वीज पितळी नळीवर गोळा करायची. लोकरीचा स्वेटर अंधारात अंगातून काढताना जी चिडचिड होते आणि ठिणग्या दिसतात, तीच ही वीज. फक्त मोठ्या प्रमाणावर. १७४५-४६ मध्ये ती साठवून ठेवणारी काचेची बरणीही निघाली. हॉलंडातल्या लायडन शहराचे नाव तिला मिळाले. मग काय विचारता! व्हर्सायमध्ये नोले नावाच्या पाद्र्याने राजासमोर एकशे ऐंशी शिपायांना एकमेकांचे हात धरून उभे केले आणि बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे शिपाई एकाच क्षणी उडाले. दरबार खूश झाला.

जी वस्तू एकशे ऐंशी शिपायांना एकदम उडवते, ती आखडलेला एक सांधा सोडवणार नाही काय? असा विचार लोकांच्या मनात येणे साहजिकच होते. इंग्लंडात मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७५६ पासून लंडनमध्ये गोरगरिबांना विजेचे उपचार देण्याची सोय केली, आणि १७६० मध्ये त्यावर पुस्तक काढले. कोणकोणत्या रोगांवर वीज चालते याची त्याची यादी वाचली, तर कोणते रोग शिल्लक राहिले हेच शोधावे लागते. गाउट आणि संधिवात तर तीत आहेतच. वेस्ली लबाड नव्हता. पैसा त्याला मिळवायचा नव्हता. गरिबाला डॉक्टरची फी परवडत नाही आणि वीज स्वस्त आहे, एवढाच त्याचा कळवळा होता. १७६७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयानेही असे यंत्र विकत घेतले, आणि विजेला दवाखान्यात अधिकृत जागा मिळाली.

याच काळातल्या एका माणसाची गोष्ट मात्र निराळी आहे. पतंग उडवून ढगातली वीज ओळखणारा अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. विजेचा एवढा जाणकार म्हटल्यावर लांबलांबची माणसे आपल्या आजाऱ्यांना घेऊन त्याच्या दारी येऊ लागली. हे आजारी सांधेदुखीचे नव्हेत, लकव्याचे. पण फ्रँकलिनने जे पाहिले ते दोघांनाही लागू पडते. तो रोग्याच्या लुळ्या अंगाला रोज झटके देई. पहिले काही दिवस हातपाय थोडे अधिक हलत, अंगात ऊब वाटे, रोगी हरखून जाई. पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे. निराश होऊन रोगी घरी परते आणि थोड्याच काळात होता तसा होई. हे सारे फ्रँकलिनने १७५७ च्या डिसेंबरात जॉन प्रिंगल या डॉक्टरला पत्राने कळवले. त्या पत्रात त्याने एक मार्मिक शंका काढली आहे : सुरुवातीचा तो थोडासा गुण विजेचा होता, की माझ्या घरापर्यंत रोज येण्या-जाण्यात जो व्यायाम घडला त्याचा होता, की बरे होऊ या आशेने माणसाने अंग अधिक नेटाने हलवले त्याचा होता?

या शंकेला आता पावणेतीनशे वर्षे होत आली. लाइटच्या शेकाबद्दल आजही विचारावा असा हाच एक प्रश्न आहे. विजेचे एवढे वेड असलेल्या माणसाने विजेवरच ही शंका घ्यावी, हे त्याच्या थोरपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

असले विजेचे यंत्र मराठी माणसाच्या घरी कधी आले, असे कोणी विचारले तर बोट पुण्या-मुंबईकडे न जाता दक्षिणेत तंजावरकडे जाते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशातले दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. राज्याचा कारभार १७९९ मध्येच कंपनी सरकारने काढून घेतला होता. हाती राहिला तो किल्ला, तनखा आणि मोकळा वेळ. हा वेळ या राजाने विद्येत घालवला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकलेले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीला आणले, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि विलायतेहून शास्त्रीय उपकरणे मागवली. त्यांच्या संग्रहात हवा उपसण्याचा पंप होता, शरीररचना शिकण्यासाठी हस्तिदंती सांगाडा होता, आणि विजेचे यंत्रही होते.

पण मला या राजाचे कौतुक यंत्रापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी वाटते. तंजावरच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यकाची आणि विलायती वैद्यकाची औषधे शेजारी शेजारी नांदत. सरफोजींना डोळ्यांच्या रोगांत विशेष गती होती. कोणाला काय झाले होते, कोणते उपचार केले, पुढे डोळा कसा झाला, याच्या नोंदी चित्रांसह ठेवलेल्या आहेत, आणि त्या सरस्वती महालात आजही पाहायला मिळतात. यंत्र श्रीमंताला विकत आणता येते. उपचारानंतर रोग्याचे पुढे काय झाले हे लिहून ठेवणे ही सवय विकत मिळत नाही. फ्रँकलिनने पत्रात केले ते हेच, आणि तंजावरच्या राजाने बाडात केले तेही हेच.

नोंद ठेवणारे असे थोडे. पुढच्या शंभर वर्षांत वीज गेली ती नोंद न ठेवणाऱ्यांच्या हाती. १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने तांब्या-जस्ताच्या चकत्यांची बॅटरी केली. १८३१ मध्ये फॅरडेने लोहचुंबकापासून वीज काढली, आणि तिच्यापाठोपाठ हाताने फिरवायच्या दांड्याची लाकडी पेटी निघाली. अमेरिकेत अशा एका पेटीचे पेटंट १८५४ मधले आहे. दोन पितळी मुठी रोग्याने हातात धरायच्या आणि घरच्या कोणी तरी दांडा फिरवायचा. जितका जोर अधिक तितका झटका अधिक. पेटीवर लिहिलेले असे मज्जातंतूंच्या रोगांचे नाव. पण दुखऱ्या गुडघ्याला तेवढे इंग्रजी कोठले कळायला? तोही मुठी धरून बसे.

पेटीपेक्षा खपली ती साखळी आणि पट्टा. पुल्व्हरमाखर नावाच्या गृहस्थाने अंगावर बांधायची विजेची साखळी काढली, आणि ती युरोपभर गेली. वाङ्मयाच्या वाचकाला ती दोन ठिकाणी भेटते. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या १८५७ च्या कादंबरीतला औषधविक्या ओमे हा प्रत्येक नव्या शोधाचा भगत. तो ही साखळी अंगात घालतो, आणि फ्लोबेर त्याची मनसोक्त थट्टा करतो. दुसरे ठिकाण थट्टेचे नाही. चार्ल्स डिकन्सला शेवटच्या वर्षांत पायाच्या दुखण्याने जेरीस आणले होते. १८७० च्या जूनमध्ये, मृत्यूला अवघे काही दिवस उरले असताना, त्याने पुल्व्हरमाखरकडे आपल्या पायासाठी पट्टा मागवला. माणसांच्या भोळेपणावर पानेच्या पाने लिहिणारा हा लेखक. पण पाय ठणकू लागला की भोळे आणि शहाणे एकाच दुकानाच्या पायरीवर येतात. दुखणाऱ्याला हसू नये, एवढे तरी यावरून शिकावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये असल्या पट्ट्यांचा धंदा जोरात होता, आणि वर्तमानपत्रांनी त्यातली लबाडी चव्हाट्यावर आणली तोही त्याच सुमारास. पट्ट्याच्या आत पुष्कळदा धातूच्या चार चकत्यांपलीकडे काही नसे. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही विजेचे पट्टे आणि विजेच्या अंगठ्या यांच्या जाहिराती येत. हा काळ कोणता, ते जरा पाहा. मुंबईत विजेवरची ट्राम धावली १९०७ मध्ये. टाटांची खोपोलीची वीज मुंबईला मिळाली १९१५ मध्ये. म्हणजे भिंतीवरचे बटन दाबून दिवा लागण्याच्या आधीच विजेची अंगठी बोटात येऊन बसली होती! वीज पाहिलेली नव्हती, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवणे सोपे होते.

वीज दवाखान्यात खऱ्या अर्थाने शिस्तीला लागली ती विसाव्या शतकात. दार्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले होते, की विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट केला, की स्नायूंना झटका बसत नाही. आत नुसती उष्णता उत्पन्न होते. नागेलश्मिट या जर्मन डॉक्टरने त्यावरून उपचार बसवला आणि त्याला ग्रीक शब्दांवरून 'डायथर्मी' हे नाव मिळाले. अर्थ, आरपार उष्णता. विटेचा शेक कातडीशी थांबतो, हा मांसात आणि सांध्याच्या जवळपास पोहोचतो. आपल्या लोकांनी यालाच 'लाइटचा शेक' म्हटले, आणि ते अगदी बरोबर म्हटले.

महाराष्ट्रात या यंत्रांना जाणते हात मिळाले ते एका संकटामुळे. १९५० च्या आगेमागे मुंबईत पोलिओने थैमान घातले होते. फातिमा इस्माईल या बाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मद्रासच्या डॉ. किनी यांच्या उपचारांनी ती चालू लागलेली पाहून, इतरांच्या मुलांसाठी या बाईंनी १९४७ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. पुढे १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांनी मिळून परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा काढली. देशातली ही पहिली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. या शाळांतून शिकलेल्या माणसांच्या खोलीत विजेची यंत्रे होती, पण मान होता तो व्यायामाला. लुळा पाय रोज हलवायचा, मोजून हलवायचा, उद्या आजच्यापेक्षा थोडा अधिक हलवायचा. वीज त्यांना मदतनीस म्हणून हवी होती. पोलिओच्या मुलांसाठी आणलेली ही विद्या पुढे आपल्या आई-वडिलांच्या गुडघ्यांच्या कामाला आली.

आता कोणी म्हणेल, मग त्या मुंग्यांचे काय? गुडघ्याला दोन चकत्या चिकटवून लहानसे यंत्र लावतात, मुंग्या येतात आणि तेवढा वेळ बरे वाटते, हे तर खोटे नाही ना? मुळीच खोटे नाही. त्याचे कारणही शास्त्राला सापडले आहे. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की आपण काय करतो? चोळतो. चोळल्याने बरे का वाटावे? १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी याचे उत्तर मांडले. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. वेदनेची वर्दी आणि स्पर्शाची वर्दी दोन्ही त्याच फाटकातून मेंदूकडे जातात. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेला वाट मिळेनाशी होते. चकत्यांच्या मुंग्या फाटकाशी हीच गर्दी करतात. म्हणजे रोमन वैद्याचा मासा, दांड्याची पेटी आणि आजचे खिशात मावणारे यंत्र यांचे नाते रक्ताचे आहे. आणि डाग देणाऱ्याचा हिशेब आपण ध्यानात ठेवला होता, त्याच्याशीही त्यांचे थोडे नाते आहेच. नवे दुखणे किंवा नवी जाणीव मनाचे लक्ष वेधून घेते आणि जुने दुखणे मागे सरते.

मागे सरते, जात नाही. यंत्र बंद केले की गर्दी पांगते. गुडघ्याच्या झिजेवर असल्या यंत्रांनी टिकाऊ गुण येतो काय, याचा शोध अनेकांनी घेतला. २००९ मध्ये असे सारे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा ठाम पुरावा हाती लागला नाही. इंग्लंडच्या आरोग्यखात्याला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये तर असे स्पष्टच सांगितले, की झिजलेल्या सांध्यांसाठी हे विजेचे उपचार देऊ नयेत. पुरावा पुरेसा नाही. भर दिला तो व्यायामावर आणि वजन आटोक्यात ठेवण्यावर. फ्रँकलिनच्या शंकेचे उत्तर अडीचशे वर्षांनी आले आणि ते त्याच्याच बाजूने आले म्हणायचे!

यावर एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल, "अहो, गुण येवो न येवो, तेवढा वेळ आईला बरं वाटतं ना? मग बिघडलं कुठं?" एरवी मीही तेच म्हटले असते. पण कोठे बिघडते ते मी पालमलाच पाहिले आहे.

आमच्या शेजारच्या एका मावशींची बोटे दुखू लागली. पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई, कामाला वाघ. मुलाने हौसेने आईसाठी एका फिरत्या विक्रेत्याकडून विजेचे यंत्र घेतले. पाय ठेवायची पाटी, हाताला लावायच्या चकत्या, सगळा सरंजाम. मावशी रोज सकाळी ते लावून ओसरीवर बसत. विचारले की सांगत, "सर, लई मुंग्या येत्यात बघा. म्हंजी गुण येतोय." मुलगाही म्हणे, "आईनं आता गोळ्याबिळ्या खायच्या नाहीत, असं त्या माणसानं सांगितलंय." दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा आला. बोटांची सूज चढत गेली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटेना. भाकरी थापायला सून लागू लागली. शेवटी मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. आमवात निघाला. हा झिजेचा रोग नव्हे. यात शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती सांध्यांवर उलटते आणि त्यांना कुरतडत जाते. त्यावर चांगली औषधे आहेत, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. मावशींना औषध लागू पडले, सूज उतरली, मूठही मिटू लागली. उजव्या हाताची दोन बोटे मात्र वाकडी झाली ती झालीच. मुलगा मला म्हणाला, "सर, पैसे गेल्याचं काही नाही. सहा महिने गेले त्याचं वाईट वाटतं." त्यावर मला काही बोलता आले नाही.

मुंग्या आल्या म्हणजे गुण आला, या समजुतीची किंमत ही अशी द्यावी लागते. औषध पोटात गेले की कळतही नाही, व्यायामाने आधी थोडे दुखते. वीज मात्र लगेच जाणवते. जे जाणवते त्यावर माणसाचा विश्वास बसतो. माशावर उभ्या राहिलेल्या रोमन माणसाचा बसला, डिकन्सचा बसला, मावशींचाही बसला. यात मूर्खपणा कोणाचाच नाही. पण विश्वास ठेवण्याआधी दोन-चार गोष्टी घरातल्या शहाण्या माणसांनी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, दुखणे कोणते ते ओळखून घ्यावे. गुडघा वयोमानाने झिजला असेल, तर सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजली असतील आणि ताठरपणा त्याहून अधिक वेळ राहत असेल, तर शेकत बसू नये, डॉक्टरकडे जावे. एखादा सांधा एकाएकी लाल होऊन तापला आणि अंगात ताप असला, तर त्याच दिवशी जावे.

दुसरी गोष्ट, विजेचा शेक घ्यायचाच असेल तर शिकलेल्या माणसाच्या हातून घ्यावा. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल किंवा शरीरात धातूची पट्टी, सळई असेल, तर ते आधी सांगावे. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झाली असेल, तर शेक विजेचा असो की विटेचा, चटका बसल्याचे कळत नाही. तेथे दुप्पट सावध असावे.

तिसरी गोष्ट, शेक घेऊन उठल्यावर पडून राहू नये. ऊब मिळून सांधा मोकळा झालेला असतो, तीच त्याला हलवण्याची वेळ. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरावा, सावकाश खाली आणावा, मग दुसरा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो वाटून घेतो. यात यंत्र नाही, जाहिरात नाही. म्हणूनच कदाचित कोणी करीत नाही.

आणि चौथी गोष्ट दिवाळीची. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या वह्या आणून त्यांची पूजा करतात. दुखरा गुडघा असलेल्या घरात यंदा एक वही जास्त आणावी. तीत रोज दोनच ओळी लिहाव्यात. सकाळी सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली. आणि आज किती पावले चाललो, किती पायऱ्या चढलो, पाटावर बसून उठता आले की नाही. मुंग्या आल्या की नाही हे लिहू नये. महिन्याच्या शेवटी पान उलटून पाहावे. मिनिटे कमी झाली असतील आणि पायऱ्या वाढल्या असतील, तर जो काही उपचार चालू आहे तो खुशाल चालू ठेवावा, मग तो विजेचा असो की निरगुडीचा. आकडे जागच्या जागी असतील, तर यंत्र कितीही गोड गुणगुणत असले तरी ती वही घेऊन डॉक्टरकडे जावे आणि तीच त्यांच्यापुढे ठेवावी.

वही लिहायचे काम मात्र आजीवर टाकू नये. ते नातवाला द्यावे. त्याचे अक्षर सुधारेल. आणि आजी किती पायऱ्या चढली हे मोजायला तिच्याबरोबर रोज कोणी तरी जिना चढेल.